ओळ बावन्न

१

आधी माफी मागून घेतो. माझं शिक्षण नववीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि शब्दही मला रोजचेच येतात. कुणी वाचून शुद्धलेखन दुरुस्त केलं तर उपकारच होतील. फक्त आकडे बदलू नका. आकडे मी तीन-तीनदा तपासून लिहिलेत.

माझं नाव नागसेन. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कोअर शॉपला असतो. लोखंडाच्या ओतकामात जिथं पोकळी हवी तिथं वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. हे कोअर भाजायला आमच्याकडं गॅसची भट्टी आहे, लहान खोलीएवढी. ती पेटवायचं काम एक घरगुती कॉम्प्युटर करतो. सांगितलं तर लोक हसतात. पण खरंच आहे. रबरी बटणांचा, वहीएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. अठ्ठ्याऐंशी साली ऋषभ मगदूम नावाच्या साहेबांनी तो बसवला. चालतंय म्हणून पुढं कुणी हात लावला नाही.

प्रोग्राम साधा. आधी पंखा चालू, चाळीस सेकंद थांब, मग गॅस सोड, मग ठिणगी पाड. भट्टी बंद असताना व्हॉल्व्हमधून थोडा-थोडा गॅस आत झिरपतो. पंख्यानं तो बाहेर गेला पाहिजे. त्याच्या आत ठिणगी पडली तर भट्टी पेटत नाही, फुटते. आणि जाळ धरला का नाही हे दाराच्या भोकाला डोळा लावून माणसालाच बघावं लागतं.

तो माणूस म्हणजे गणपती मामा. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं. पुढच्या वर्षी रिटायर होतील. त्यांना भुवया नाहीत. डोळ्यांवर नुसती चकचकीत कातडी आहे. नवीन कुणी बघत राहिला की मामा म्हणतात, "बघतोस काय? ह्या भट्टीनं खाल्ल्यात. त्या दिवशी तिचं पोट भरलं न्हाय, म्हणून मी शिल्लक हाय."

यंदा भट्टीला मोठा बर्नर बसवला. बसवणाऱ्यानं गॅस मोजायचं मीटर लावून बघितलं. पंखा सुरू केल्यावर पंचावन्न सेकंदांपर्यंत काटा हलत होता. चाळीसचे साठ करा, असं सांगून तो गेला. सुपरवायझर अमरसिंह साहेबांनी रजिस्टरात लिहिलं: ०६०. आमच्या रजिस्टरात प्रत्येक आकड्याला तीन चौकोन असतात, आणि एकही रिकामा सोडायचा नाही, नाहीतर मागून कुणीही आकडा घुसडतो. रिकामा चौकोन दिसला की साहेब अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं बोलतात. चार वर्षांत माझ्या हातालाही तेच वळण पडलंय.

"नवं पॅनल यायला दोन महिने हाईत," साहेब म्हणाले. "तवर ह्या डबड्यात साठ कोण करणार?"

मग मला माझाच आवाज ऐकू आला. "मी बघतो."

"तू?"

"करंल की त्यो," गणपती मामा म्हणाले. "जेवायच्या सुट्टीत मोबाईलात दुसरं काय बघतोय?"

"मंगळवारी सकाळी भट्टी पेटली पायजे. आज शुक्रवार."

साहेब गेल्यावर मामांनी माझ्या पाठीत थाप मारली. "कर बिनधास्त. पर भोकापाशी मीच असणार हाय, एवढं ध्यानात ठेव. आता खायला भुवया शिल्लक न्हाईत."

ते हसले. मला हसू आलं नाही.

२

मला ह्या जुन्या कॉम्प्युटरचा नाद लागला तो भंगारात सापडलेल्या एका झेरॉक्स पुस्तकामुळं. सी ही प्रोग्राम लिहायची भाषा त्यातून शिकलो. माणूस जे लिहितो त्याचं कॉम्प्युटरला कळेल असं रूप करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तो नसेल तर लिहिलेलं नुसतं लिहिलेलं राहतं.

ह्या चाळीस वर्षांपूर्वीच्या मशिनांसाठी लोकांनी सीचे कंपायलर लिहिलेत, जपलेत, आणि फुकट ठेवलेत. मला हे आजही खरं वाटत नाही. मी मोडक्या इंग्रजीत एका परदेशातल्या आजोबांना पत्र पाठवलं होतं, त्यांनी दोन पानांचं उत्तर लिहिलं, आणि खाली माझी तब्येत विचारली. त्यांच्या यादीतले तीन कंपायलर मी उतरवून घेतले. पहिल्याला फ्लॉपी लागायची, ती आपल्याकडं नाही. दुसरा भलत्याच मशीनचा निघाला. तिसरा चालला, पण लूपमध्ये, म्हणजे तेच-तेच पुन्हा करायला सांगितलेल्या ओळींत, दुसरा लूप आला की अडकून बसायचा. आठ दिवस बसून मी त्यातली चूक शोधली आणि कळवली. आजोबांनी आभाराच्या यादीत माझं नाव घातलं. शाळेच्या हजेरीपटानंतर माझं नाव पहिल्यांदाच कुठंतरी छापून आलं. त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

पण मगदूम साहेबांच्या प्रोग्रामचं फौंड्रीच्या फायलीत उरलेलं एकच पान तिन्हींत बसेना. पंखा, गॅस, ठिणगी हे शब्दच त्यांना माहीत नव्हते. साहेबांनी कंपायलरसुद्धा स्वतःचा केला होता, एवढं मला कळलं.

"मगदूम सायबांची भण हाय की राजारामपुरीत," गणपती मामा म्हणाले. "अक्काताई. भाऊ एक्क्याण्णवला गेला, पर त्याची खोली तशीच ठेवलीया म्हणं. जा. खाणार न्हाय ती तुला."

३

सातव्या गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान आहे, वर अक्काताई राहतात. शनिवारी अर्धी रजा टाकून गेलो. अक्काताई पंच्याहत्तरीच्या असतील. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा.

"दारात काय उभारलाईस? ये की आत," त्या म्हणाल्या. मी काय बोलायचं ते जिन्यावर पाठ केलं होतं, ते विसरलो. नुसतं "कॉम्प्युटर" म्हणालो. त्यांनी चावी काढली.

गच्चीवर एक खोली होती. खिडकी पश्चिमेला. टेबलावर टीव्ही, टेप रेकॉर्डर, आणि आमच्या फौंड्रीत आहे तसाच कॉम्प्युटर, त्यावर भरतकाम केलेला रुमाल. धूळ कुठंच नाही. टेबलापुढं एक गोल स्टूल होतं, लाल रेग्झिनच्या गादीचं. गादीला एका बाजूला चीर गेली होती. अक्काताईंनी कपाटावरचा डबा काढायला त्या स्टुलावर गुडघा टेकला, तेव्हा फुस्स करून हवा गेली. गुडघा काढल्यावर गादी सावकाश, कुरकुरत पुन्हा भरली. पुरतं मिनिटभर लागलं.

"तू खुर्चीवर बस," त्या म्हणाल्या. "स्टूल ऋषभचं हाय."

डब्यात कॅसेटी आणि एक वही होती. एका कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं: "सी. फुकट हाय. कुणालाबी द्या."

मी ते दोनदा वाचलं. कुणालाबी म्हणजे मलासुद्धा.

कॅसेट लावली. आधी लांब शिट्टी, मग वाळू चाळल्यासारखा आवाज, पाच मिनिटं. टीव्हीवर अक्षरं आली. मेसेज इंग्रजी मोठ्या अक्षरांत होते, पण भाषा आपली. इथं मी आपल्या अक्षरांत लिहितो:

या पावणं. बसा.

मला हसू फुटलं. अक्काताईही वाकून बघत होत्या.

"सगळ्यांना पावणंच म्हणायचा," त्या म्हणाल्या. "म्हटलं कोण येणार हाय रे तुझ्या ह्या डबड्याकडं? तर म्हणायचा, येईल की अक्का कोणतरी. न वळखीचा माणूस, म्हंजे पावणाच की न्हाय? पर एकदा मन बसलं की पावणं म्हणायचा न्हाय मग. नुसतं गड्या."

"तुम्हाला काय म्हणायचे?"

"मला? मला कशाला काय म्हणंल. हाक मारायच्या आधी चहा घिऊन उभी असायची मी." त्या जिन्याकडं वळल्या. "दिवस मावळायच्या आत जेवून जायचं हं. आमच्या जैनांत नंतर ताट वाढत न्हाईत."

४

वहीत भट्टीचा अख्खा प्रोग्राम हातानं लिहिलेला होता. ज्या कॅसेटवर तो होता तिची पट्टी चिकटून गेली होती, म्हणून सगळा पुन्हा टाईप करायचा होता. रबरी बटणं सावकाश दाबावी लागतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत वीस ओळी झाल्या. पुढं जायच्या आधी कंपायलर नीट चालतोय का बघावं म्हणून तेवढ्याच चालवल्या.

ओळ ७: अर्धविराम राहिला, पावणं.
ओळ २०: कंस उघडलासा, मिटवा की.
ओळ ५२: आकडा बघा, पावणं.

पहिल्या दोन चुका माझ्याच. तिसरीपाशी थांबलो. माझ्याकडं वीसच ओळी होत्या.

खाली उतरलो, जेवलो. आमटी, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी. अक्काताई शेजारी पाटावर बसून वाढत होत्या. मी मनात म्हणत होतो, ओळी मोजण्यात चूक आहे. चांगल्या-चांगल्या कंपायलरमध्ये असते. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. साहेबांनी एवढं फुकट दिलंय, त्यातली एक चूक मी काढून देईन, असं वाटलं.

५

रविवारचीही रजा टाकली आणि सकाळी दहाला खोलीत होतो. आधी चूक शोधली, आणि सापडलीही. मध्ये रिकामी ओळ आली की कंपायलर ती दोनदा मोजायचा. एक बाइट, म्हणजे एका अक्षराएवढा तुकडा, बदलून ते बंद केलं. पुन्हा चालवला.

ओळ ५२: आकडा बघा, पावणं.

मग एकाच ओळीचा प्रोग्राम लिहिला. ज्यात काहीच होत नाही असा. त्यात एकही आकडा नव्हता.

ओळ ५२: आकडा बघा, पावणं.

मशीन बंद केलं. प्लग काढला, चहा होईपर्यंत थांबलो. ह्या मशीनची वीज गेली की आठवण जाते, मागचं काही उरत नाही. पुन्हा कॅसेट भरली. यावेळी काहीच लिहिलं नाही. कोरा कागद दिल्यासारखं रिकामंच कंपाइल करायला सांगितलं.

बराच वेळ पडदा काळा होता. मग आलं. तेच.

माझी एक सवय आहे. भीती वाटली की मी मोजायला लागतो. मी बेसिकमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या भाषेत, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि कंपायलरमधला बाइट न् बाइट अक्षरं करून पडद्यावर काढला. दोन तास लागले. त्यात सगळे मेसेज एकामागोमाग सापडले. अर्धविराम, कंस, न वळखीचं नाव, जागा संपली. अठरा मेसेज. एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतले. "आकडा" हा शब्द त्यांत कुठंच नव्हता.

शब्दच नसेल तर तो येतो कुठून? मी स्वतःला समजावलं की शब्द तुकड्यांत साठवला असेल. "आ" एकीकडं, "कडा" दुसरीकडं. जागा वाचवायला लोक असं करतात. तुकडे शोधले. सापडले नाहीत. ऊन टेबलावरून सरकत स्टुलावर आलं होतं. लाल रेग्झिन तापल्याचा वास येत होता, आणि त्यात थोडा काडेपेटीचा.

तेव्हा सुचलं की वहीतली बावन्नावी ओळ तरी बघावी. बोट ठेवून मोजली. "थांब", आणि कंसात ४०. चाळीसच्या आधी शाईचा एक डाग होता, कागद फाटेपर्यंत खरवडलेला.

मला एवढं हलकं वाटलं! हाच तर आकडा बदलायचा होता. चाळीसचे साठ. बावन्न कुठून आला ते मला कळत नव्हतं, पण सांगणं तर बरोबर होतं. मी टीव्हीकडं बघून म्हणालो, "बदलतोय की. त्यासाठीच आलोय."

कुणी नव्हतं खोलीत, तरी बोलल्यावर बरं वाटलं.

६

सोमवारी एमआयडीसीला सुट्टी. मी सकाळीच बसलो. डाग वगळून सगळी वही जशीच्या तशी उतरवली. बावन्नाव्या ओळीला हाताच्या वळणानं, तिन्ही चौकोन भरून लिहिलं: थांब, कंसात ०६०. एकसष्ट ओळी झाल्या. कंपाइल केलं.

ओळ ५२: आकडा बघा, पावणं.

मोबाईलात रजिस्टराचा फोटो होता. मोठा करून बघितलं. ०६०. पडद्यावर ०६०.

"बघितला की!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "बरोबर हाय!"

पुन्हा चालवलं. यावेळी मेसेज एकदा नाही, एकाखाली एक येत राहिला. पडदा भरून वर सरकायला लागला. मी बटण दाबून थांबवला. मला राग येत होता. माझ्यासारख्याला असंच होतं. कुणी पुन्हा-पुन्हा चूक आहे म्हणालं आणि चूक काय ते सांगितलं नाही की शाळेतला फळा आठवतो.

चारला अमरसिंह साहेबांचा फोन आला. "झालं का न्हाय?"

"झालंय साहेब. एक मेसेज येतोय, पण..."

"मेसेज मरू दे. चालतंय का?"

कंपायलरनं प्रोग्राम करून दिला होता. तो अडवत नव्हता, नुसता सांगत होता. "चालतंय," मी म्हणालो.

"मग सकाळी सातला कॅसेट आण. गणप्याला सांगतो भोकापाशी उभा ऱ्हायला."

अक्काताईंनी दिलेल्या एका रिकाम्या कॅसेटवर प्रोग्राम भरला. भरलेलं नीट आहे का हे मी कानानं तपासतो. वायर काढायची आणि कॅसेट उघड्यावर वाजवायची. शिट्टी, मग वाळू चाळणं, मग शांत. शिट्टी सरळ होती, वाळू सलग होती. मग शांत झालं. बंद करायला हात पुढं केला.

"एक," कॅसेटमधून कोणीतरी म्हणालं.

पुरुषाचा आवाज. जवळून, हळू. समोर कुणाला तरी उभं करून त्याच्यासाठी मोजावं तसा.

"दोन. तीन. चार."

मी ऐकत बसलो. जुनी कॅसेट आहे, आधीचं काहीतरी राहिलं असेल, हे मला कळत होतं. तो घाई करत नव्हता. वीस. तीस. चाळीसपाशी त्याचा आवाज किंचित घट्ट झाला. पंचेचाळीस. शेहेचाळीस. सत्तेचाळीस.

"अठ्ठेचाळीस."

आणि तिथं तो थांबला. पुढचा आकडा म्हणायला माणूस श्वास घेतो, तसा श्वास घेतल्याचा आवाज आला. एकोणपन्नास आलंच नाही. पट्टी नुसती फिरत राहिली.

७

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो. तीन दिवस तिथंच बसत होतो. अक्काताई दुपारपासून वर आल्या नव्हत्या. माझ्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, ते स्टूल होतं.

गादी दबलेली होती. खोल, मध्यभागी, माणूस बसल्यावर दबते तेवढी.

मी बघत असताना ती भरायला लागली. फुस्स. कुरकुरत, सावकाश, चिरेच्या कडा एकमेकींना लागेपर्यंत. ऊन तिच्यावरच पडलं होतं, त्यामुळं न बघितल्याचं ढोंगही करता आलं नाही. पुरतं मिनिटभर लागलं. म्हणजे आत्ताच उठलं होतं कोणीतरी.

पळावंसं वाटलं. पण पळून गेलो असतो तर ती कॅसेट खिशात घेऊनच गेलो असतो, आणि सकाळी सातला गणपती मामा भोकाला डोळा लावून उभे राहिले असते. एवढा एकच विचार सरळ चालत होता. म्हणून बसून राहिलो. अठ्ठेचाळीसच का?

प्रोग्राम सुरू केला. गॅसच्या जागी पडद्यावर "गॅस" हा शब्द येईल एवढी सोय केली, आणि मोबाईलवर सेकंद बघत बसलो, तोंड मिटून. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला "गॅस" आलं. पुन्हा केलं. अठ्ठेचाळीस. मीटरचा काटा पंचावन्नपर्यंत हलत होता.

मग मोबाईलात शोधलं. शिकलेल्यांना हे पहिल्या महिन्यात सांगतात म्हणे. माझ्या झेरॉक्स पुस्तकात ते पान नव्हतं. सीमध्ये आकड्याच्या आधी शून्य लावलं की तो आकडा दहा-दहानं नाही, आठ-आठनं मोजतात. साठमधले सहा म्हणजे सहा आठे. अठ्ठेचाळीस. आमच्या रजिस्टरातलं रिकामा चौकोन भरायचं शून्य मी नीटनेटकेपणानं भट्टीत नेऊन ठेवलं होतं.

वहीचं पान खिडकीपाशी उजेडात धरलं. डागाच्या खालून गोल दिसत होता. शून्य. चाळीसच्या आधीचं. साहेबांनीही तेच लिहिलं होतं कधीतरी, आणि मग कागद फाटेपर्यंत खरवडलं होतं.

मी बावन्नाव्या ओळीतलं शून्य पुसलं. ६०. कंपाइल केलं. पडदा काळा झाला. मी स्टुलाकडं बघितलं नाही.

चूक न्हाय, गड्या.

अठरा मेसेजचा कागद समोरच होता. "गड्या" त्यात नव्हतं. मी तो कागद उलटा ठेवला आणि थोडा वेळ रडलो. भीतीनं असेल. पण मला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं, हेही खरं.

तीन वेळा सेकंद लावून बघितले. साठ, साठ, साठ. नवी कॅसेट भरली. आधीची पुन्हा वाजवली, तर वाळूनंतर नुसती खरखर होती, शेवटपर्यंत. रुमाल घातला, दार ओढताना आत बघून "येतो" म्हणालो.

खाली अक्काताईंनी ताट वाढलेलं होतं. दिवस मावळायला अजून अर्धा तास होता. त्या माझ्याकडं न बघता भाकरी मोडत म्हणाल्या, "मगाशी अठ्ठेचाळीसला का थांबलास?"

मी मोठ्यानं काहीच मोजलं नव्हतं. कॅसेटचा आवाज एवढा खाली येतो का, ते मी नंतर कधीच तपासलं नाही.

"चूक होती, अक्का. आता साठ होतात."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि आमटी वाढली.

तो कंपायलर आता त्या परदेशातल्या आजोबांच्या यादीत आहे. अक्काताईंनी परवानगी दिली. फुकट आहे, कुणालाही द्या. त्यात अठरा मेसेज आहेत. एकोणिसावा कुणाला दिसला, तर आधी तो सांगतो ते बघा.

८

मंगळवारी सकाळी पावणेसातला मी भट्टीपाशी होतो. कॅसेट भरली. गणपती मामा कानटोपी घालून आले.

"झालं का रं साठ?"

"झालं मामा. पण आज भोकापाशी मी उभा राहतो."

"व्हय? आणि मी काय रांगोळी काढू?" त्यांनी मला दंडाला धरून बाजूला सारलं. "हो मागं."

"मग मोजूया तरी. मोठ्यानं. साठ झाल्याशिवाय डोळा लावू नका."

मामांचं हसू गेलं. बिनभुवयांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मोजायचं कुणी सांगितलं तुला?"

"का?"

"मगदूम सायेब मोजायचा. पयल्यांदा ह्ये मशीन बसवलं, तवा चाळीस व्हायच्या आतच ठिणगी पडली, आणि माझं त्वांड भोकापाशी. त्यानंतर तीन वर्सं रोज सकाळी यायचा त्यो राजारामपुरीतनं, सायकलीवर. हितं माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊन मोठ्यानं मोजायचा. मी म्हणायचो, सायेब, आता बास की. ऐकायचा न्हाय." मामांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, पंखा सुरू झाला. "मोज."

मी मोजायला लागलो. पंख्याच्या घरघरीत माझा आवाज मलाच बारीक वाटत होता. अमरसिंह साहेब ऑफिसच्या दारातनं बघत होते. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. श्वास घेतला, आणि शब्द येईना.

"एकोणपन्नास," मामा म्हणाले. माझ्याकडं न बघता, भट्टीकडं बघत. "पन्नास. एक्कावन्न."

बावन्नापासून मीही आवाज मिसळला. साठला टिक झालं, गॅस सुटला, ठिणगी पडली. मामांनी भोकाला डोळा लावला. मी त्यांच्या शर्टाची कड धरून उभा होतो, हे मला नंतर कळलं.

"धरला," मामा म्हणाले. "निळा हाय. सुरेख."

मग मी टेबलापाशी गेलो, रजिस्टर उघडलं, आणि भट्टीच्या पानावर साठच्या आधीचं शून्य खोडलं. लाल पेननं, कागद फाटणार नाही एवढं जपून, पण पुन्हा कुणाला वाचता येणार नाही असं. अमरसिंह साहेब लांबूनच ओरडले, "ए, चौकोन मोकळा का सोडलास?"

"राहू दे साहेब," मी म्हणालो. "तो मोकळाच पायजे."